आधी ॲल्युमिनियम, मग सेरियम

११, ९ आणि १४ जूल. एकाच हीटच्या, म्हणजे भट्टीच्या एकाच घाण्याच्या, तीन चार्पी तुकड्यांचे हे आकडे मी १९९३ च्या डिसेंबरात एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिले होते. वही अजून माझ्याजवळ आहे. सरासरी आली ११.३. हवे होते निदान १८.

तेव्हा मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान स्टील फाउंड्रीची लॅब सांभाळत असे. दांडिया बाजारातून सकाळी लुनावर निघायचं, पावणेआठला लॅबचं कुलूप उघडायचं आणि पहिल्या हीटचं सँपल यायच्या आत धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रो तापवून ठेवायचा. आम्ही व्हॉल्व्हच्या बॉड्या ओतायचो. त्यातल्या काही एलसीबी नावाच्या ग्रेडच्या असत. हे थंडीत वापरायचं कार्बन स्टील. त्याची चार्पी परीक्षा, म्हणजे झटका किती सोसतं ते बघणं, उणे ४६ अंशांना होते. १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा तुकडा, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच. अल्कोहोलमध्ये ड्राय आइस घालून तो गार करायचा, चिमट्याने उचलायचा आणि पाच सेकंदांच्या आत हातोडा सोडायचा. तुकडा मोडताना हातोड्याची जितकी ऊर्जा खातो, तितके जूल. तीन तुकड्यांची सरासरी १८ पेक्षा कमी चालत नाही, आणि एकही तुकडा १४ च्या खाली गेलेला चालत नाही.

त्याच हीटची ताण चाचणी मात्र उत्तम होती. ४९० मेगापास्कल, लांबण २४ टक्के. कागदावर पोलाद मजबूत होतं. हळूहळू ओढलं तर ते छान ताणलं जात होतं, पण थंडीत झटका बसला की खारी बिस्किटासारखं मोडत होतं. ताकद आणि चिवटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मी कॉलेजात, कला भवनात, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. खरं कळलं ते या वहीतल्या पानावर.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण हल्ली रेअर अर्थचा, म्हणजे सेरियम, लँथॅनम, निओडिमियम अशा धातूंचा, विषय प्रत्येक वर्तमानपत्रात आहे आणि माझ्या ओळखीतले दोन-तीन कारखानदार मला विचारून गेले, ‘ताई, चिमूटभर रेअर अर्थ टाकलं की स्टीलची ताकद वाढते ना?’ त्यांना फोनवर दिलेलं उत्तर अपुरं होतं. हे पुरं.

तर मोडलेल्या तुकड्याकडे परत येते. मी तो कापला, बेकेलाइटमध्ये बसवला, पॉलिश केला आणि ॲसिड न लावता तसाच मायक्रोस्कोपखाली ठेवला. इंक्लूजन, म्हणजे पोलादात अडकलेला मळ, बघायचा असेल तर ॲसिड लावू नये. ग्रेनच्या, म्हणजे पोलाद ज्यांचं बनलेलं असतं त्या बारीक स्फटिकांच्या, रेषा उठतात आणि नजर भलतीकडे जाते. शंभर पटीला दिसलं ते असं : करड्या रंगाचे बारीक ठिपके, एकामागोमाग एक, वेड्यावाकड्या रांगांत. ठिपके कुठेही पडलेले नव्हते. जणू कुणी दिसत नसलेल्या भिंतींच्या कडेने रांगोळीचे ठिपके काढत गेलं होतं. त्या भिंती म्हणजे ग्रेन बाउंडरी, आणि ते ठिपके मँगनीज सल्फाइड, म्हणजे मँगनीज आणि गंधकाचं संयुग.

पोस्टाची तिकिटं आठवा. कागद चांगला जाड असला तरी भोकांच्या रांगेवर तो अलगद फाटतो. आमचं पोलाद तसंच फाटत होतं.

सल्फाइडच्या या रूपांची वर्गवारी सिम्स आणि डाल या दोघा अमेरिकन धातुशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये केली आणि स्टील फाउंड्रीत आजही तीच चालते. पोलादात ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असेल तर सल्फाइड गोल आणि विखुरलेलं येतं, तो पहिला प्रकार. ॲल्युमिनियमने ऑक्सिजन मारला की गंधक शेवटच्या थेंबापर्यंत द्रवात राहतं, आणि सगळं पोलाद गोठत आल्यावर ग्रेनच्या मधल्या फटींत रांगेने बाहेर पडतं. हा दुसरा प्रकार, सगळ्यांत वाईट. ॲल्युमिनियम आणखी वाढवलं तर सल्फाइड कोनदार आणि सुटं येतं, तो तिसरा.

मग ॲल्युमिनियम वाढवायचं की! मीही पहिल्यांदा हेच म्हटलं होतं. पण जाड सेक्शनमध्ये कास्टिंग सावकाश गार होतं, आणि जास्तीचं ॲल्युमिनियम नायट्रोजनला धरून ग्रेनच्या कडांवर बसतं. मग कास्टिंग मोडलं की खडीसाखरेच्या खड्यासारखे चकचकीत पैलू दिसतात. इंग्रजीतही त्याचं नाव रॉक कँडीच आहे. कमी घातलं तर ऑक्सिजन राहून बारीक छिद्रं पडतात. म्हणजे ॲल्युमिनियम ज्या मात्रेत नीट बसतं, नेमक्या त्याच मात्रेत दुसऱ्या प्रकारचं सल्फाइड.

गंधक मुळातच कमी करणं हा राजमार्ग. पण आमची इंडक्शन भट्टी ४०० किलोची, अस्तर सिलिकाचं. अशी भट्टी स्क्रॅप वितळवते, गंधक काढत नाही. जे भंगारात आलं तेच ओतण्यात गेलं, आणि आमच्या भंगारात ते ०.०३ टक्क्याच्या आसपास असे.

कला भवनातल्या माझ्या सरांकडे मी तुकडा घेऊन गेले. (कला भवन म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली शाळा, आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. आम्ही बडोदेकर अजून कला भवनच म्हणतो.) सरांनी मायक्रोस्कोपात डोकावून बघितलं आणि एकच शब्द म्हणाले, ‘मिशमेटल.’

मिशमेटल म्हणजे रेअर अर्थ धातूंची खिचडी : निम्म्याच्या आसपास सेरियम, मग लँथॅनम, उरलेलं निओडिमियम आणि प्रासिओडिमियम. ते एकमेकांपासून वेगळे करणं फार खर्चाचं, आणि पोलादाला त्याची गरज नसते. लायटरमधला खडा याचाच भाऊ आहे, लोखंड मिसळून कडक केलेला. तो प्रकार ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये काढला. भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या मेल्टरकाकांना मी पहिला गोळा दाखवला तेव्हा त्यांनी त्यावर कानस मारली, ठिणग्या उडाल्या, आणि ते म्हणाले, ‘बेन, आ तो लाइटरनो पथरो!’

रेअर म्हणतात खरं, पण पृथ्वीच्या कवचात सेरियम जवळपास तांब्याइतकंच आहे. १८०३ मध्ये ते सापडलं, आणि दोनच वर्षांपूर्वी दिसलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याचं नाव पडलं. दुर्मिळ आहे ती त्याची एका जागी साठण्याची वृत्ती.

सेरियमला ऑक्सिजन आणि गंधक या दोघांचीही जबर ओढ आहे. पोलाद अजून पूर्ण द्रव असतानाच, १६०० अंशांना, ते दोघांना धरून ऑक्सिसल्फाइड आणि सल्फाइड तयार करतं. इथेच सगळी गंमत आहे. मँगनीज सल्फाइड सगळ्यांत शेवटी, फटींत जन्मतं. सेरियमचं सल्फाइड सगळ्यांत आधी, मोकळ्या द्रवात जन्मतं. गोलसर होतं आणि जिथे असेल तिथे राहतं. रांग लावायला गंधक उरतच नाही. मळ तेवढाच असतो, त्याची जागा आणि आकार बदलतो.

कॅल्शियमही हे काम करतं, आणि मोठ्या पोलाद कारखान्यांत आज तेच जास्त वापरतात. पण कॅल्शियम १४८४ अंशांनाच उकळतं. पोलादात टाकलं की त्याची वाफ. म्हणून त्याची तार खोल लेडलच्या, म्हणजे वितळलेलं पोलाद नेणाऱ्या बादलीच्या, तळापर्यंत सोडावी लागते, वरच्या पोलादाच्या वजनाने ते दाबात राहतं. आमची लेडल गुडघ्याएवढी. सेरियम ३४०० अंशांच्याही वर उकळतं. ते निमूटपणे विरघळतं. लहान फाउंड्रीला ते सोसतं ते म्हणून.

आता पहिला प्रयोग. तो पूर्ण फसला, आणि चूक माझी होती.

मी हिशेब केला होता ०.२५ टक्क्याचा. ४०० किलोला एक किलो. थोडं जास्त असलं तर बरंच, अशी माझी समजूत. आणि मिशमेटल भट्टीतच टाकायला लावलं, ॲल्युमिनियमच्या आधी, वर मळीचा, म्हणजे स्लॅगचा, थर असताना. मला वाटलं, भट्टीत ढवळलं छान जाईल. चार्पीचे आकडे आले ८, १०, ७. आणि दहा दिवसांनी मशीन शॉपमधून बोलावणं आलं : फ्लँजच्या, म्हणजे पाइपाला जोडायच्या कडेच्या, फेसवर काळसर मळाचे पट्टे. दोन बॉड्या भंगारात गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. मालक एक शब्दही बोलले नाहीत, त्याने आणखीच जीवाला लागलं.

काय झालं होतं ते पुढच्या आठवड्यात मायक्रोस्कोपने सांगितलं. सेरियमला ऑक्सिजन दिसला की ते गंधकाकडे बघत नाही. ॲल्युमिनियम गेलेलं नव्हतं, म्हणून सेरियम आधी पोलादातल्या ऑक्सिजनवर खर्च झालं, मग मळीतल्या आणि सिलिकाच्या अस्तरातल्या ऑक्सिजनवर. अस्तराकडून ऑक्सिजन हिसकावून ते सिलिकॉन पोलादात सोडतं. स्पेक्ट्रोत सिलिकॉन वाढलेलं मला दिसलं होतं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. तयार झालेला हा मळ वर तरंगून येत नाही. ॲल्युमिनाची घनता ४ च्या आसपास, द्रव पोलादाची ७, म्हणून ॲल्युमिना बऱ्यापैकी वर येतं. सेरियमचं ऑक्सिसल्फाइड ६ च्या घरात. ते पोलादातच घुटमळतं, एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि साच्यात जातात. मोठ्या कारखान्यात कंटिन्युअस कास्टिंगच्या, म्हणजे पोलाद अखंड ओतायच्या, नोझलला हाच मळ आतून चिकटतो आणि नोझल बंद पडतं. १९७० च्या दशकात तेल-वायूच्या पाइपलाइनच्या प्लेटसाठी रेअर अर्थ जोरात वापरलं गेलं आणि नंतर बऱ्याच ठिकाणी कॅल्शियमने त्याची जागा घेतली, त्यामागे नोझलचा हा त्रास मोठा होता.

आणि जास्तीचं सेरियम? लोखंडात त्याला जागाच नाही. त्याचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा साधारण ४० टक्क्यांनी मोठा. जे विरघळत नाही ते पुन्हा ग्रेनच्या कडेलाच येऊन बसतं, लोखंडाबरोबर ठिसूळ संयुग करतं, आणि ते मिश्रण ६०० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे ज्या फटीतून गंधकाला हुसकावलं, तिथे मीच सेरियम नेऊन बसवलं होतं.

मेल्टरकाकांना यातलं रसायनशास्त्र मी समजावायला लागले, तर ते म्हणाले, ‘गंदा वासणमां घी ना रेडाय, बेन.’ घाणेरड्या भांड्यात तूप ओतू नये. मी वहीत ते वाक्य तसंच लिहून घेतलं. त्याच्या खाली नवा क्रम लिहिला.

भट्टीची मळी खरवडून काढायची. लेडल लाल होईपर्यंत तापवायची. टॅप करताना, म्हणजे भट्टीतून पोलाद काढताना, लेडल एक तृतीयांश भरली की ॲल्युमिनियम. पूर्ण भरली की वरची मळी पुन्हा काढायची. मग पातळ पत्र्याच्या डबीत बंद केलेलं मिशमेटल सळईच्या टोकाला बांधून एकदम तळापर्यंत दाबायचं, आणि ते टाकल्यापासून चार मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. उशीर केला तर हवा आणि अस्तर मिळून सेरियम खाऊन टाकतात. मात्राही बदलली. गंधकाच्या सुमारे तिप्पट रेअर अर्थ, हा हिशेब. ०.०३ टक्के गंधक म्हणजे ४०० किलोत १२० ग्रॅम. त्याला ३६० ग्रॅम. थोडं वाया जाणार हे धरून आम्ही ४०० ग्रॅम घातलं.

२४, २९, २७.

हातोडा तिसऱ्यांदा वर गेला आणि काटा थांबला तेव्हा काका दारात उभे होते. मी नुसती मान हलवली. ते भट्टीवर परत गेले आणि थोड्या वेळाने लॅबमध्ये सगळ्यांसाठी सेवउसळ आली.

पॉलिश केलेल्या तुकड्यावर रांगोळीच्या रांगा गेल्या होत्या. गोल, करडे, बारीक ठिपके, कुठेही. ताण चाचणी : ४९३ मेगापास्कल. आधी ४९०. म्हणजे काहीच फरक नाही! ज्यांनी मला फोन केला त्या सर्वांनी हा आकडा नीट बघावा. साध्या कार्बन स्टीलमध्ये रेअर अर्थने ताणशक्ती वाढत नाही म्हटलं तरी चालेल. वाढतो तो झटका सोसण्याचा गुण, आणि वारंवार ताण येणाऱ्या भागात थकवा सोसण्याचा. ताकद हवी असेल तर कार्बन, मँगनीज, व्हॅनेडियम आणि हीट ट्रीटमेंटकडे जा.

रोल केलेल्या प्लेटमध्ये हाच फरक आणखी ठळक दिसतो. मँगनीज सल्फाइड गरम असताना मऊ असतं. रोलखाली ते लांबट पट्टीसारखं पसरतं. मग प्लेट लांबीच्या दिशेने चिवट आणि आडव्या दिशेने ठिसूळ. सेरियमचं सल्फाइड त्या तापमानालाही कडक राहतं, गोल ते गोलच. आडवी आणि उभी चार्पी जवळजवळ येतात. ज्या पाइपातून हायड्रोजन सल्फाइडचा गॅस जातो तिथे याला जीवनमरणाचं महत्त्व आहे, कारण त्या चपट्या पट्ट्यांच्या टोकांशी हायड्रोजन साठतो आणि पाइप आतून तडकतो.

रचनेवर आणखी एक परिणाम सांगतात, ग्रेन बारीक होण्याचा. तो खरा आहे, पण जपून सांगायला हवा. सेरियमच्या ऑक्साइड-सल्फाइडची स्फटिकरचना गोठू लागलेल्या लोखंडाशी बरीच जुळते, म्हणून त्या कणांवर नवे ग्रेन धरतात. कास्टिंगच्या कडेकडून आत धावणारे खांबासारखे लांब ग्रेन कमी होतात, मधले गोलसर ग्रेन वाढतात. वेल्डिंगमध्ये अशाच कणांवर सुयांच्या जाळीसारखं फेराइट उगवतं आणि चिवटपणा वाढवतं. पण आमच्या एलसीबीत शेवटी नॉर्मलायझिंग, म्हणजे तापवून हवेत गार करणं, होत असे, आणि ग्रेन बारीक करण्याचं मोठं काम तिथेच उरकत असे. माझ्या २४-२९-२७ चं श्रेय मी ग्रेनला देणार नाही. ते सल्फाइडच्या आकाराचं आहे.

शेजारच्या कास्ट आयर्नवाल्यांकडे सेरियम रोज वापरात असतं, बऱ्याच जणांना माहीतही नसतं. १९४८ मध्ये इंग्लंडच्या हेंटन मॉरो यांनी सेरियम घालून कास्ट आयर्नमधल्या ग्रॅफाइटचे गोळे करून दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेत मॅग्नेशियमची रीत निघाली आणि ती स्वस्त म्हणून टिकली. तरी आजच्या फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियममध्ये थोडं रेअर अर्थ असतं, भंगारातून आलेल्या शिसं-टायटॅनियमसारख्या उपद्रवी अंशांना आवरायला. जाड कास्टिंगमध्ये तेच जास्त झालं की ग्रॅफाइट गोळा सोडून ढेपाळतं. २०१० मध्ये चीनने निर्यातीचा कोटा कापला आणि पुढच्या वर्षी भाव कित्येक पटींनी चढले, तेव्हा जगभरच्या अनेक फाउंड्र्यांनी रेअर अर्थ कमी केलेला मसाला वापरायला घेतला.

हल्लीच्या बातम्यांतला गोंधळ मात्र निराळा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर बंधनं घातली ती सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सातांवर. त्यात सेरियम नाही, लँथॅनम नाही. पोलादाला लागणारं रेअर अर्थ हे सगळ्यांत मुबलक आणि सगळ्यांत कमी भावाचं. चुंबकांसाठी निओडिमियम काढताना हे दोघे ढिगाने बरोबर येतात आणि पडून राहतात.

चीनमध्ये त्यावर मन लावून काम झालं आहे. शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेतल्या मंडळींनी २०२२ मध्ये जे मांडलं ते वाचून मी उठून उभीच राहिले. बेअरिंगच्या पोलादात रेअर अर्थ कधी लाभतं आणि कधी बाधतं हे कोडं जुनंच होतं. त्यांचं उत्तर असं की पोलादात ऑक्सिजन अगदी कमी हवा, आणि टाकायच्या रेअर अर्थ धातूतही ऑक्सिजन अगदी कमी हवा. दोन्ही स्वच्छ असले की थकवा सोसण्याची क्षमता ठामपणे वाढते. धातूच्या गोळ्यातल्या ऑक्सिजनचा विचार मी कधीच केला नव्हता. आमचं मिशमेटल तर गोणीत उघडं पडलेलं असे, वर पांढुरकी पूड धरलेली. मी ती पूड झटकून वजन करायचे.

आणि आपल्या दाराशी काय आहे? छोटाउदेपूर जिल्ह्यात, जो २०१३ पर्यंत आमच्याच वडोदरा जिल्ह्यात होता, अंबाडुंगर नावाचा डोंगर आहे. कार्बोनेटाइट नावाचा विरळा अग्निजन्य खडक, दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना. फ्लोरस्पारसाठी तो कधीपासून ओळखला जातो. त्याच्या खडकात रेअर अर्थ आहे, आणि त्यातला मोठा वाटा हलक्या भावंडांचा, म्हणजे सेरियम-लँथॅनमचा. लहानपणी वडिलांबरोबर एसटीने त्या बाजूला गेले होते तेव्हा मी नुसते डोंगर बघितले. आता नकाशावर त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय. उद्या तिथून चुंबकांसाठी माल निघाला तर सेरियमचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं एक उत्तर मकरपुऱ्याच्या चार मिनिटांत रिकाम्या होणाऱ्या लेडलमध्ये आहे.

माझी भाची सध्या कला भवनात एम. ई. करते. तिला मी निळी वही दिली. तिने एक प्रश्न काढला जो मला तीस वर्षांत सुचला नव्हता : मिशमेटलऐवजी नुसतं लँथॅनम घातलं तर? आणि गोळा आर्गनमध्ये साठवलेला असेल तर? दोन हीट ओतून झाल्यात. तुकडे कापून, खाच पाडून तयार आहेत, बारा मिशमेटलचे आणि बारा लँथॅनमचे. गुरुवारी सकाळी ड्राय आइस येणार आहे. ‘मावशी, पाच सेकंदांचं तू बघ, काटा मी वाचते,’ असं तिने आधीच ठरवून टाकलंय.